आकाशाची अध्यापिका

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरात, नॅन्टकेट नावाचे एक लहानसे वालुकामय बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटाचे नाव जगातील अनेक बंदरांत ठाऊक होते. तेथील खलाशी देवमाशांच्या शिकारीसाठी निघाले, की तीन तीन, चार चार वर्षे घरी परतत नसत. देवमाशाच्या चरबीपासून निघणाऱ्या तेलावर त्या काळी शहरांतील दिवे जळत. पुरुष समुद्रावर गेले म्हणजे घर, दुकान, देवघेव हे सारे बेटावरील स्त्रियाच सांभाळीत. त्यामुळे स्त्रीने हिशेब केला किंवा चारचौघांत आपले मत सांगितले, तर त्याचे नॅन्टकेटमध्ये कोणाला फारसे नवल वाटत नसे.

अशा या बेटावर १ ऑगस्ट १८१८ रोजी मारिया मिचेल यांचा जन्म झाला. दहा भावंडांत मारिया तिसरी. घर क्वेकर पंथाचे होते. राहणी साधी, कपडे साधे, आणि बोलणे मोजके. मुलींनाही मुलांप्रमाणेच शिकवावे असे हा पंथ मानी. वडील विल्यम मिचेल हे आधी शाळामास्तर होते, पुढे ते बेटावरील पॅसिफिक बँकेत खजिनदार झाले. परंतु त्यांचा खरा ओढा होता तो आकाशाकडे. आकाश निरभ्र असले म्हणजे ते दुर्बीण घेऊन बसत आणि तासन्‌तास ताऱ्यांचे वेध घेत. आई लिडिया यांना वाचनाची मोठी आवड होती.

विल्यम मिचेल यांचा हा नाद केवळ हौसेचा नव्हता. बेटावरील गलबतांना त्याचा फार उपयोग होई. समुद्रावर चोहीकडे पाणीच पाणी. आपण पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे किती दूर आलो हे सांगणारी खूण तेथे कोठून असणार? पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. सूर्य माथ्यावर आला, की जहाजावरील वेळ कळते. त्याच क्षणी एखाद्या ठरलेल्या ठिकाणी किती वाजले आहेत हेही कळले, तर दोन वेळांतील अंतरावरून आपले रेखांश काढता येतात. त्या ठरलेल्या ठिकाणची वेळ सांभाळण्यासाठी गलबतांवर क्रोनॉमीटर नावाचे अत्यंत बिनचूक घड्याळ असे. परंतु बिनचूक घड्याळही रोज काही सेकंद पुढे किंवा मागे जाते. चार मिनिटांची चूक झाली, तर विषुववृत्ताजवळ जहाजाचा ठाव १११ किलोमीटरांनी चुकतो! म्हणून सफरीवर निघण्यापूर्वी कप्तान आपले क्रोनॉमीटर मिचेल यांच्याकडे आणून देत. ते घड्याळ रोज किती चुकते, हे मिचेल ताऱ्यांचे वेध घेऊन ठरवून देत. शेकडो माणसांचे जीव त्या आकड्यांवर अवलंबून असत.

या कामात मारिया लहानपणापासूनच वडिलांना मदत करू लागली. १२ फेब्रुवारी १८३१ रोजी नॅन्टकेटवरून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसणार होते. चंद्राचे बिंब सूर्याच्या मानाने किंचित लहान दिसत असले, म्हणजे सूर्य पुरता झाकला जात नाही. त्याच्या कडेचे तेजस्वी कंकण उरते. ग्रहणाच्या वेळा नेमक्या मिळाल्या, तर आपल्या घराचे रेखांश निश्चित करता येतील, असे वडिलांनी ठरविले. ऐन हिवाळ्याचे दिवस होते. बैठकीच्या खोलीतील खिडकीची तावदाने काढून तेथे दुर्बीण लावली. वडिलांचा डोळा दुर्बिणीला, आणि बारा वर्षांची मारिया क्रोनॉमीटरपाशी सेकंद मोजीत उभी. तिचा एक सेकंद चुकला असता, तर साऱ्या श्रमांवर पाणी पडले असते. तो चुकला नाही. पुढे एकदा वडील गावी नसताना एक कप्तान घड्याळ घेऊन आला, तेव्हा ते काम मारियाने एकटीनेच पुरे करून दिले. ती त्या वेळी अवघी चौदा वर्षांची होती.

मारियाचे शालेय शिक्षण बेटावरच झाले. सायरस पीअर्स नावाच्या एका उत्तम शिक्षकाच्या शाळेत ती आधी शिकली आणि मग तेथेच साहाय्यक म्हणून शिकवू लागली. १८३५ साली तिने स्वतःची लहानशी शाळा काढली. तिने आपल्या शाळेत वर्णभेद मानला नाही. इतर शाळा ज्यांना दारात उभे करीत नसत, त्या काळ्यासावळ्या मुलींनाही तिने आपल्या बाकांवर बसविले. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट सोपी नव्हती.

पुढच्याच वर्षी बेटावरील अथेनियम या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून मारिया यांची नेमणूक झाली. वय होते अठरा. ही नोकरी त्यांनी सुमारे वीस वर्षे केली. ग्रंथालय दुपारी आणि शनिवारी संध्याकाळी उघडे असे. बाकीचा वेळ त्यांचा स्वतःचा. अमेरिकेतील महाविद्यालयांची दारे त्या वेळी स्त्रियांना जवळजवळ बंदच होती. परंतु ग्रंथालयाच्या किल्ल्या मारिया यांच्या हाती होत्या. फ्रेंच गणिती लाप्लास आणि जर्मन गणिती गाउस यांचे ग्रहगणितावरील कठीण ग्रंथ त्यांनी तेथे बसून, कोणाच्याही मदतीवाचून, पानापानाने अभ्यासले. दिवसा ग्रंथ आणि रात्री आकाश असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८४६ साली बेटावर भयंकर आग लागली. तीत हे ग्रंथालय जळून खाक झाले. थोड्याच महिन्यांत ते नव्याने उभे राहिले आणि मारिया यांनी पुन्हा शून्यापासून पुस्तके लावावयास आरंभ केला.

मिचेल कुटुंब या सुमारास पॅसिफिक बँकेच्या इमारतीतच राहत असे. इमारतीच्या छपरावर विल्यम मिचेल यांनी एक लहान वेधशाळा उभारली होती. १ ऑक्टोबर १८४७ ची रात्र. घरी पाहुणे जमले होते, गप्पागोष्टी रंगल्या होत्या. आकाश स्वच्छ आहे असे पाहून मारिया हळूच उठल्या आणि छपरावर गेल्या. साडेदहाचा सुमार असेल. ध्रुवताऱ्यापासून सुमारे पाच अंशांवर त्यांना दुर्बिणीतून एक अंधुक, धुरकट ठिपका दिसला. आकाशाचा तो भाग त्यांच्या पूर्ण परिचयाचा होता. तेथे असा ठिपका पूर्वी कधी नव्हता. तो धूमकेतू असावा, हे त्यांनी ओळखले.

त्या खाली आल्या आणि वडिलांना वर घेऊन गेल्या. ही वार्ता ताबडतोब जगाला कळवावी असे वडिलांना वाटले. पण मारिया यांनी त्यांना थोपविले. नवा धूमकेतू खरोखर आपणच प्रथम पाहिला कशावरून? दुसऱ्या कोणी आधी पाहिला असला, तर? आणि हा ठिपका धूमकेतूच आहे, याची खात्री तरी पटावयास नको का? धूमकेतू असेल, तर तो ताऱ्यांच्या मानाने आपली जागा बदलील. पुढील रात्री त्याने जागा बदललेली होती. अखेर ३ ऑक्टोबरला वडिलांनी हार्वर्ड येथील वेधशाळेचे प्रमुख विल्यम बाँड यांना पत्र लिहिले.

या दिरंगाईमुळे एक पेच उत्पन्न झाला. दुर्बिणीतूनच दिसणारा नवा धूमकेतू जो प्रथम शोधील त्यास सुवर्णपदक मिळेल, असे डेन्मार्कच्या राजाने १८३१ साली जाहीर केले होते. शोधाची वार्ता पहिल्या टपालाने कळवावी, अशी त्यात अट होती. इकडे रोम येथील ज्योतिर्विद फादर दे व्हिको यांनी तोच धूमकेतू ३ ऑक्टोबरला पाहिला आणि त्यांची बातमी युरोपात आधी पोहोचली. पदकावर हक्क कोणाचा? हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी मारिया यांची बाजू डेन्मार्कच्या दरबारापुढे मांडली. पत्र उशिरा पोहोचले तरी धूमकेतू आधी पाहिला तो मारिया यांनीच, हे अखेर मान्य झाले आणि १८४८ साली ते सुवर्णपदक नॅन्टकेटच्या ग्रंथपाल स्त्रीला देण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या कला व विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

पदकामुळे नाव झाले, तरी ग्रंथालयाचे काम सुटले नाही. उलट आणखी एक काम आले. अमेरिकेचे नाविक पंचांग तयार करणाऱ्या कचेरीने शुक्राची गणिते मारिया यांच्याकडे सोपविली. कोणत्या दिवशी शुक्र आकाशात नेमका कोठे असेल, याचे आगाऊ कोष्टक तयार करावयाचे. यंत्रे नव्हती, सारे आकडे हातानेच मांडावे लागत. हे काम त्यांनी १८४९ पासून १८६८ पर्यंत केले. समुद्रावरील खलाशी त्या कोष्टकांचा उपयोग करीत, परंतु ती कोणी मांडली हे त्यांना क्वचितच ठाऊक असे.

१८५७ साली त्या युरोपच्या प्रवासाला गेल्या. ग्रिनिचची वेधशाळा त्यांनी पाहिली, सर जॉन हर्शेल यांची भेट घेतली, आणि फ्लॉरेन्स येथे वृद्ध गणिती मेरी सॉमरव्हिल यांना भेटून त्यांना धन्यता वाटली. रोममधील वेधशाळेचा अनुभव मात्र निराळा होता. ती वेधशाळा धर्मगुरूंच्या ताब्यात असल्यामुळे तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुष्कळ खटपटीनंतर विशेष परवानगी मिळाली, पण काळोख पडण्यापूर्वी त्यांनी तेथून निघावे अशी अट होती. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंना ताऱ्यांच्या वेळी वेधशाळेत थांबता येऊ नये, हा केवढा विपर्यास!

मारिया यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते यानंतर. मॅथ्यू व्हॅसार नावाच्या एका धनाढ्य मद्यउत्पादकाने हडसन नदीच्या काठी, पोकीप्सी या गावी, मुलींसाठी एक मोठे महाविद्यालय काढावयाचे ठरविले. मुलांना जे उच्च शिक्षण मिळते तेच मुलींना द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्योतिषशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी मारिया मिचेल यांचे नाव पुढे आले. विश्वस्तांपैकी काहींना स्त्री प्राध्यापक नको होती. आणि मारिया यांच्या मनातही शंका होती. ज्या बाईने महाविद्यालयाची पायरी स्वतः कधी चढलेली नाही, तिने तेथे शिकवावयाचे कसे? अखेर त्यांनी होकार दिला. १८६५ साली व्हॅसार महाविद्यालय ३५३ विद्यार्थिनींसह सुरू झाले, तेव्हा मारिया यांचे वय ४७ वर्षांचे होते. महाविद्यालयाच्या आवारात घुमटाची वेधशाळा बांधण्यात आली होती आणि तीत सुमारे १२ इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण होती. अमेरिकेत तिच्याहून मोठ्या दुर्बिणी त्या वेळी दोनच होत्या. वृद्ध वडिलांना घेऊन मारिया या वेधशाळेतच राहावयास आल्या.

येथून पुढे त्या मिचेलबाई झाल्या.

व्हॅसारमध्ये आलेल्या मुलींपैकी बहुतेकींना ज्योतिर्विद व्हावयाचे नव्हते. कोणी पुढे शिक्षिका होणार होती, कोणी डॉक्टर, कोणी लेखिका. पुष्कळजणी घरसंसार पाहणार होत्या. अशा मुलींना ग्रहताऱ्यांचे गणित शिकवून काय उपयोग, असे अनेक सुबुद्ध माणसेही विचारीत. मुलींना नक्षत्रांची नावे सांगावी, चार सुंदर चित्रे दाखवावी, एवढे पुरे, असे त्यांचे मत होते. मिचेलबाईंना ते मुळीच मान्य नव्हते. अर्धवट ज्ञान गोड करून देणे त्यांना कमीपणाचे वाटे. जी मुलगी पुढे कधीही दुर्बिणीला डोळा लावणार नाही, तिनेही एकदा तरी स्वतः पाहिले पाहिजे, स्वतः मोजले पाहिजे आणि स्वतः गणित केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांची शिकविण्याची रीत इतर वर्गांहून अगदी निराळी होती. पाठ्यपुस्तकातील उतारे पाठ म्हणून दाखविण्याची त्या काळी सर्वत्र पद्धत होती. मिचेलबाईंच्या वर्गात तिला थारा नव्हता. एखादी मुलगी काही सांगू लागली, की हे तू पुस्तकात वाचलेस, की डोळ्यांनी पाहिलेस, हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. गुरूच्या चंद्रांचेच उदाहरण घ्या. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत जवळचा चंद्र गुरूभोवती सुमारे १ दिवस १८ तासांत फिरतो आणि सर्वांत दूरचा सुमारे १६ दिवस १७ तासांत. हे आकडे पुस्तकात छापलेले होतेच. परंतु रात्रीमागून रात्र दुर्बिणीतून पाहून वहीत चार ठिपके मांडावे, काल डावीकडे असलेला ठिपका आज उजवीकडे का आला याचा विचार करावा, आणि अखेर तोच आकडा आपल्याच वहीतून निघालेला पाहावा, यातील आनंद पुस्तक देऊ शकत नाही. बाईंच्या मुलींना तो आनंद ठाऊक होता.

गुण देणे आणि गैरहजेरी मांडणे या दोन्ही गोष्टी मिचेलबाईंनी नाकारल्या. माणसाच्या बुद्धीचे माप आकड्यांनी घेता येत नाही, असे त्यांना वाटे. हे ऐकून आजचे विद्यार्थी कदाचित हरखतील. पण त्यांच्या वर्गात गणित फार कठीण असे आणि आळशी मुलगी तेथे फार दिवस टिकत नसे. मुलींनी रात्री अमुक वाजता झोपलेच पाहिजे, असा महाविद्यालयाचा कडक नियम होता. तारे मात्र तो नियम पाळीत नसत! बाई मुलींना रात्री वेधशाळेत घेऊन जात. १८६८ च्या नोव्हेंबर महिन्यात सिंह राशीतून उल्कांचा वर्षाव झाला, तेव्हा त्यांच्या मुलींनी आकाशाचे भाग आपसांत वाटून घेतले आणि कडाक्याच्या थंडीत जागून उल्का मोजल्या. एकदा एक धूमकेतू टेकडीवरील सफरचंदाच्या झाडाआड जाऊ लागला, तेव्हा बाईंनी पहारेकऱ्याला उठवून ते झाडच तोडावयास लावले. वेध मिळाला; झाडाची मात्र हानी झाली.

सूर्याचा अभ्यास दिवसा करता येतो, म्हणून १८७३ पासून त्यांनी आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी सूर्याचे छायाचित्र घेण्याचा क्रम मुलींकडून सुरू करविला. सूर्यबिंबावरील काळे डाग काचेच्या पट्टीवर उमटत. एका कडेने दिसू लागलेला डाग सुमारे दोन आठवड्यांत दुसऱ्या कडेला पोहोचतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो याचा हा साधा पुरावा. तो मुली स्वतःच्या हातांनी तयार करीत. ६ डिसेंबर १८८२ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला, तेव्हाही त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. अशी घटना पुन्हा घडावयास २००४ साल उजाडावे लागणार होते.

महाविद्यालयाने मिचेलबाईंचा मान ठेवला, पण वेतनाच्या बाबतीत न्याय केला नाही. त्यांना वर्षाला ८०० डॉलर मिळत. त्यांच्यापेक्षा वयाने आणि कीर्तीने लहान असलेल्या पुरुष प्राध्यापकांना याच्या दुपटीहून अधिक मिळत. बाईंना पैशाची हाव नव्हती. त्यांची राहणी जुन्या क्वेकर घरातल्यासारखीच साधी होती. परंतु एकाच कामाचे दोन मोल का, हा प्रश्न त्यांना सलत असे. त्यांनी आणि शरीरशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. अलायडा एव्हरी यांनी मिळून विश्वस्तांपुढे लेखी तक्रार मांडली. वाद झाला, आणि अखेर दोघींचेही वेतन वाढविण्यात आले. मुलींना मोजमाप शिकविणाऱ्या बाईंनी हे मोजमाप न करते तर नवलच.

याच काळात स्त्रीशिक्षणावर एक मोठे संकट आले. १८७३ साली बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुलींनी मुलांसारखा कठीण अभ्यास केला, तर त्यांची प्रकृती ढासळते, असे त्यात प्रतिपादन केले होते. डॉक्टरांचे मत म्हणून अनेकांनी ते खरे मानले आणि मुलींना महाविद्यालयात पाठवावे की नाही, याविषयी घराघरांत चर्चा सुरू झाली. मिचेलबाई स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्याच वर्षी स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी होत्या; पुढे त्या तिच्या अध्यक्षाही झाल्या. सभेत भाषण करणे त्यांना आवडत नसे. त्यांचे उत्तर निराळ्या प्रकारचे होते.

२९ जुलै १८७८ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. सरकारने पुरुष ज्योतिर्विदांची अनेक पथके तिकडे पाठविली. मिचेलबाईंना कोणी बोलाविले नव्हते. त्या साठीच्या घरात होत्या. पण व्हॅसारमधून शिकून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थिनी आणि आपली बहीण फीबी यांना घेऊन, स्वखर्चाने, त्या सुमारे ३,००० किलोमीटरांचा रेल्वे प्रवास करून डेन्व्हरला निघाल्या. १८६९ साली आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे मुलींना ग्रहण दाखविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. या वेळी मात्र वाटेत विघ्न आले. दोन रेल्वे कंपन्यांत मार्गावरून भांडण जुंपले होते, आणि त्या धामधुमीत पथकाच्या सामानापैकी काही अडकून पडले. तारा गेल्या, चौकश्या झाल्या. त्यातच डेन्व्हरवर रोज ढग जमत, पाऊस पडे. डॉ. एव्हरी आता डेन्व्हरमध्ये वैद्यकी करीत होत्या. जुन्या मैत्रिणीचा त्यांना मोठा आधार झाला. सामान अखेर हाती आले.

ग्रहणाच्या दिवशी आकाश स्वच्छ झाले. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर दुर्बिणी लागल्या. प्रत्येकीचे काम नेमून दिलेले होते. एकीने मोठ्याने सेकंद मोजावयाचे, बाकीच्यांनी आपापला भाग पाहून ताबडतोब टिपून ठेवावयाचा. सूर्य पूर्ण झाकला जाताच उजेड ओसरला आणि काळ्या बिंबाभोवती सूर्याच्या प्रभामंडलाचे रुपेरी तेज पसरलेले दिसू लागले. हे दृश्य अडीच मिनिटांहून थोडेच अधिक टिकले. एवढ्या वेळात विस्मयाने पाहत राहण्याचा मोह कोणालाही झाला असता; पण सेकंद मोजणारा आवाज थांबला नाही. मुली प्रवासाने आजारी पडल्या नाहीत, गणितानेही नाहीत. डेन्व्हरच्या लोकांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

मिचेलबाईंच्या विद्यार्थिनींनी पुढे निरनिराळ्या वाटा धरल्या. एलन स्वॅलो यांनी रसायनशास्त्रात नाव मिळविले. मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रसंस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. शहरांचे पिण्याचे पाणी तपासण्याचे मोठे काम त्यांनी केले. क्रिस्टीन लॅड यांनी तर्कशास्त्रात आणि रंगदृष्टीच्या अभ्यासात भर घातली. अंतोनिया मॉरी यांनी हार्वर्ड येथे ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले. हॅरियट स्टँटन यांनी स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढा दिला. कितीतरी जणी गावोगावच्या शाळांत शिक्षिका झाल्या. त्यांची नावे इतिहासात आली नाहीत, पण त्यांच्या वर्गांतही पुस्तकात वाचलेस, की पाहिलेस, हा प्रश्न ऐकू आला असेल.

वर्षातून एकदा, जून महिन्यात, मिचेलबाई विद्यार्थिनींना वेधशाळेच्या घुमटात मेजवानीला बोलावीत. मोठ्या दुर्बिणीखाली लहान लहान मेजे मांडली जात. कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाई त्या दिवशी प्रत्येक मुलीविषयी स्वतः रचलेल्या गमतीदार कविता वाचून दाखवीत, आणि मग मुलीही बाईंवर कविता करीत. हशांनी घुमट दुमदुमून जाई. वर्गाबाहेर पडल्यावर अनेक वर्षांनीही मुली या मेजवानीसाठी दूरदूरहून येत.

१८६९ साली वडिलांचा मृत्यू झाल्यावरही मिचेलबाई वेधशाळेतच राहिल्या. व्हॅसारमध्ये त्यांनी एकूण २३ वर्षे शिकविले. अखेर प्रकृती साथ देईना, तेव्हा १८८८ साली त्यांनी निवृत्ती घेतली आणि बहिणीजवळ लिन या गावी त्या राहावयास गेल्या. तेथेही त्यांनी एक लहान दुर्बीण लावून घेतली होती. २८ जून १८८९ रोजी त्यांचे देहावसान झाले. नॅन्टकेटच्या टेकडीवरील दफनभूमीत, आईवडिलांच्या शेजारी, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. चंद्रावरील एका विवराला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

व्हॅसारच्या वेधशाळेची सूत्रे मेरी व्हिटनी यांच्याकडे आली. महाविद्यालयाच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. बर्लिंग्टनच्या ग्रहणाच्या वेळी त्या बाईंबरोबर होत्या. धूमकेतू आणि लघुग्रह यांचे वेध घेण्याचे काम त्यांनी आपल्या विद्यार्थिनींकडून नेटाने चालविले. आणि आकाश निरभ्र असेल त्या रात्री घुमटाच्या जिन्यावर पूर्वीप्रमाणेच मुलींची पावले वाजू लागली.